जर्नल एका लॉगिनवर उघडतं, मग क्लस्टरला सहावा पासवर्ड कशाला?

शुक्रतारा_पुणे

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहूनच टाकते. मी पल्सारच्या (ठरावीक तालात स्पंदनं पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या) डेटावर पीएचडी करतेय, चौथं वर्ष. घरी बसून जर्नल उघडायचं असेल तर त्या साइटवर आपल्या संस्थेचं नाव निवडायचं, आपल्याच संस्थेचं लॉगिन पान येतं, तिथे पासवर्ड द्यायचा की पेपर हजर. त्या प्रकाशकाकडे माझं खातं नाही, त्याने माझा पासवर्ड कधी बघितलेला नाही, तरी काम होतं. हे मला फार आवडतं, खरंच.

आणि मग मी टर्मिनल उघडते, कमांड टाइप करायचा तो काळा पडदा. तिथे ज्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांच्या समूहावर, माझे जॉब चालतात त्याचा युजरनेम वेगळा, पासवर्ड वेगळा, तो नव्वद दिवसांनी मरतो. गेल्या महिन्यात मी गावी गेले होते, तेवढ्यात मेला. परत चालू करायला फॉर्म, गाइडची सही, स्कॅन, मेल, आणि मग वाट बघा. अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत माझा अर्धवट झालेला सर्च तसाच पडून होता आणि स्क्रॅच डिस्कवरच्या (तात्पुरत्या साठ्यातल्या) फाइल्स मुदत संपून उडणार नाहीत ना म्हणून रोज जीव खालीवर. शेवटी लॅबमधल्या मुलाने त्याच्या खात्यातून माझ्या फाइल्स हलवल्या. म्हणजे त्याने त्याचा पासवर्ड मला सांगितला. हे चूक आहे हे दोघांनाही माहीत होतं, पण करणार काय.

मोजले तर माझ्याकडे सहा लॉगिन आहेत. संस्थेचं एक, क्लस्टरचं एक, दुर्बिणीच्या अर्काइव्हचं एक, परदेशातल्या दोन सहयोगी मशीनचं एकेक, आणि कोड ठेवायच्या सर्व्हरचं एक. वेबला जे जमतं ते काळ्या पडद्याला का जमत नाही? कोणी जाणकार असेल तर नीट समजावून सांगा, मला वरवरचं नकोय.

साधाप्रश्न

वाचतोय. पण एक कळलं नाही, एसएसएच, म्हणजे टर्मिनलमधून दूरच्या मशीनवर शिरायची जी सोय आहे, तिची की वापरली की पासवर्डचा प्रश्नच मिटतो ना? एकदा कीची जोडी बनवली, प्रायव्हेट की आपल्याकडे ठेवली, पब्लिक की सगळ्या मशीनवर टाकली, संपलं. मी दहा वर्षं तेच करतोय.

नेटवर्ककाका

चांगला प्रश्न विचारलात, दोघांनीही. मी एका संस्थेत पंचवीस वर्षं सर्व्हर सांभाळले, आता निवृत्त आहे, पण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

आधी वेबवर काय होतं ते बघू. वारीत दिंड्या असतात, प्रत्येक दिंडीला नंबर असतो. मुक्कामाच्या गावात जेवणाची पंगत बसली तर गावकरी प्रत्येक वारकऱ्याला ओळखत नाहीत, ओळखायची गरजही नसते. ते दिंडी कोणती विचारतात आणि दिंडीचालक म्हणतो, हो, हा आमचा माणूस. गावाचा विश्वास दिंडीवर, दिंडीचा माणसावर. फेडरेशन म्हणजे हेच. तुमची संस्था दिंडी, प्रकाशक गाव, आणि सगळ्या दिंड्यांची यादी ठेवणारं कोणीतरी मध्ये असतं. आपल्याकडे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं इनफेड ते काम करतं आणि देशोदेशीच्या अशा याद्या एकमेकींना जोडण्याचं काम एड्युगेन करतं. खाली जी भाषा बोलली जाते ती सॅमल, तिची दुसरी आवृत्ती २००५ ची.

आता गंमत बघ शुक्रतारा, म्हणजे खरं तर अडचण. सॅमलचा हा व्यवहार ब्राउझरच्या खांद्यावर बसून चालतो. प्रकाशकाची साइट ब्राउझरला म्हणते, याच्या संस्थेकडे जा. ब्राउझर जातो, तिथे तू पासवर्ड देतेस, संस्था एक सही केलेली चिठ्ठी देते, ब्राउझर ती घेऊन परत प्रकाशकाकडे येतो. हे इकडून तिकडे जाणं, पान दाखवणं, कुकी सांभाळणं, हे सगळं ब्राउझरला जन्मजात येतं. एसएसएचला यातलं काही येत नाही. ते थेट एका मशीनशी बोलतं, त्याला "आधी तिकडे जाऊन ये" असं सांगायची सोयच मूळ प्रोटोकॉलमध्ये नाही. म्हणून जर्नल उघडतं आणि क्लस्टर अडतो. तुझ्या अॅडमिनचा आळस नाहीये यात, निदान पूर्ण नाही.

साधाप्रश्न, तुमच्या कीबद्दल सविस्तर लिहितो, आत्ता नातीला क्लासला सोडायचंय.

ऱ्हाइनकाठी

काका येईपर्यंत कीबद्दल मी लिहितो, कारण तो धडा मी जवळून बघितलाय. मी जर्मनीत असतो, हवामानाची मॉडेल्स चालवतो.

मे २०२० आठवा. लॉकडाऊन, सगळे घरून काम करतायत. ११ मे, सोमवार. एडिनबरोचा आर्चर सुपरकॉम्प्युटर लॉगिनसाठी बंद केला गेला, त्याच दिवशी इथे बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातले क्लस्टर बंद, त्याच आठवड्यात म्युनिकजवळचं लाइब्निझ सेंटर, युलिश, आणि मग स्वित्झर्लंडचं सीएससीएस. ज्या मशीनवर लोक त्या वेळी कोविडवरचं संशोधन करत होते ती मशीनं. आणि आत शिरलेल्यांनी कुठलं मोठं कुलूप फोडलं होतं? कुठलंच नाही. चोरलेली एसएसएच लॉगिन्स होती. युरोपच्या ग्रिडच्या सुरक्षा पथकाने नंतर सांगितलं की कॅनडा, चीन आणि पोलंडमधल्या विद्यापीठांच्या लोकांची लॉगिन्स वापरली गेली, आणि निदान काही ठिकाणी हेतू क्रिप्टो मायनिंगचा होता.

आता साधाप्रश्न, तुमच्या "एक की सगळीकडे" चं काय होतं बघा. संशोधक एका क्लस्टरवर लॉगिन करतो, तिथून दुसऱ्यावर जायचं म्हणून प्रायव्हेट कीची प्रत पहिल्या क्लस्टरवर ठेवतो, त्या कीला पासफ्रेज (कीचा स्वतःचा पासवर्ड) नसते कारण स्क्रिप्ट अडते. पहिल्या मशीनवर कोणी रूट झालं, म्हणजे पूर्ण ताबा मिळवला, की त्याला ती की मिळते आणि आधी कुठे कुठे गेलो याची नोंद ठेवणाऱ्या नोन-होस्ट्स फाइलमधून पुढचा पत्ताही मिळतो. एका घराची किल्ली चोरली आणि किचेनवर पुढच्या घराचा पत्ता लिहिलेला. आणि की कधी संपत नाही. पासवर्ड निदान नव्वद दिवसांनी मरतो, २०११ मध्ये बनवलेली की आजही चालते, आणि तिला पासफ्रेज आहे की नाही हे सर्व्हरला कळायचा मार्गच नाही.

मला त्या सोमवारी एक मेल आला की तुमच्या सगळ्या की बाद, नव्या बनवा, जुनी कुठेही परत वापरू नका. आमचं रन अर्ध्यात थांबलं, तीन आठवडे गेले. पण मला राग आला नाही, मी घाबरलो होतो, कारण माझी पासफ्रेज नसलेली की खरोखर दोन मशीनवर पडलेली होती.

साधाप्रश्न

हे माहीत नव्हतं. माझीही आहे तशी. आज रात्री काढतो.

पण मग उपाय काय, परत पासवर्डच?

नेटवर्ककाका

आलो. ऱ्हाइनकाठीने फार नेमकं लिहिलंय.

मी त्यात एकच भर घालतो आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचं मूळ तिथे आहे. आम्ही पासवर्ड कमी करण्याबद्दल बोलतो, ते ठीक, सोय आहे. पण अॅडमिन म्हणून माझी झोप कशाने उडायची माहितीये? माणूस संस्था सोडून गेला हे मला कळायचंच नाही. आस्थापना विभागाला कळतं, वाचनालयाला कळतं कारण नो-ड्यूजवर त्यांची सही लागते, हॉस्टेलला कळतं. क्लस्टरला कोण सांगणार? एकदा मी जुनी खाती चाळत होतो तर तीन वर्षांपूर्वी पोस्टडॉकला गेलेल्या मुलाच्या खात्यावर मागच्या आठवड्यातलं लॉगिन दिसलं. मुलगा चांगला होता, त्याला फोन केला, तो म्हणाला सर मी तर तिकडे येऊन एकदाही लॉगिन केलं नाही. त्याने जाताना ज्युनियरला की दिली होती, ज्युनियरने पुढच्या ज्युनियरला. वारसा चालू होता. नशीब की सगळे आपलेच होते.

फेडरेशनमध्ये हा प्रश्न वेगळा होतो. लॉगिनच्या प्रत्येक वेळी, किंवा निदान रोज एकदा, मशीन तुमच्या संस्थेला विचारतं की हा अजून तुमचा आहे का. संस्थेने नाही म्हटलं की त्या दिवसापासून सगळीकडचे दरवाजे बंद. पुण्याहून बंद केलं तर बंगळुरूलाही बंद. सोय हा त्याचा छोटा फायदा, मोठा फायदा हा.

उपायाचं सांगायचं तर लोकांनी तीन-चार वाटा चोखाळल्यात. पहिली वाट मला स्वतःला फार प्रिय होती, तिच्याबद्दल थोडं लांबण लावतो.

एड्युरोम सगळ्यांना माहितीये, दुसऱ्या विद्यापीठात गेलं की आपल्याच लॉगिनने वायफाय चालतं, भारतात ते अर्नेट चालवतं. २००२-०३ च्या सुमारास युरोपात सुरू झालं. तिथे ब्राउझर नसतो बरं का! लॅपटॉप जोडायच्या आधीच ओळख पटवायची असते, मग पान दाखवणार कशात. तिथे ईएपी आणि रेडियस हे ओळख पटवायचे प्रोटोकॉल वापरतात. रेडियसचे सर्व्हर एकमेकांना विचारत विचारत तुमच्या घरच्या संस्थेपर्यंत जातात आणि तुमचा पासवर्ड मधल्या कोणालाही दिसत नाही, एका बंद नळीतून तो थेट घरी पोचतो. ब्रिटनच्या जॅनेटवाल्यांनी, म्हणजे तिथलं विद्यापीठांचं नेटवर्क चालवणाऱ्यांनी, विचार केला की हीच नळी वायफायऐवजी एसएसएचला का जोडू नये? त्या प्रकल्पाचं नाव मूनशॉट. एसएसएचमध्ये कर्बेरॉस नावाच्या जुन्या लॉगिन पद्धतीसाठी म्हणून एक खिडकी होती, जीएसएस-एपीआय, त्या खिडकीतून त्यांनी ईएपी आत घातला. २०१३ च्या डिसेंबरमध्ये त्याची आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या मानकाचा दस्तऐवज, आली, ७०५५. मी ती प्रिंट काढून वाचली होती, इतकं सुंदर काम होतं ते. ब्राउझर नाही, सर्टिफिकेट (सही केलेलं डिजिटल ओळखपत्र) नाही, थेट टर्मिनलवर आपल्या संस्थेचं लॉगिन.

पण पसरलं नाही. कारण एसएसएचच्या दोन्ही टोकांना वेगळं सॉफ्टवेअर बसवावं लागायचं, सर्व्हरला आणि प्रत्येक संशोधकाच्या लॅपटॉपलाही. सर्व्हर माझ्या हातात असतो हो, पण प्राध्यापकांच्या मॅकबुकला हात लावायची माझी काय टाप. तिथेच घोडं अडलं.

हिंगोलीकर

काका, वाचनखूण साठवली, मस्त लिहिलंत.

माझा अनुभव गुरुत्वीय लहरींच्या क्षेत्रातला. आमच्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही त्या लहरी टिपणारी वेधशाळा होतेय, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हा गावाकडून इतके फोन आले की काय सांगू. तर लायगोत डेटा आणि क्लस्टर अनेक देशांत, आपल्याकडे पुण्यात आयुकात सारथी नावाचा क्लस्टर. आणि लोक शेकडो संस्थांचे. प्रत्येक क्लस्टरवर वेगळं खातं हे शक्यच नव्हतं, म्हणून तिथे हा विचार फार लवकर झाला.

मी शिकलो तेव्हा टर्मिनलवर एक कमांड द्यायची, पुढे आपलं नाव आडनाव. कागदपत्रांतल्या उदाहरणात कायम अल्बर्ट डॉट आइनस्टाइन असायचं, मला पहिल्या दिवशी वाटलं होतं तेच टाइप करायचं. पासवर्ड दिला की मागच्या मागे इलिनॉयच्या सीआयलॉगॉनकडून तात्पुरतं सर्टिफिकेट यायचं आणि मग तेवढ्यावर सगळीकडे फिरा. यात सॅमलचाच एक कमी वापरला जाणारा प्रकार होता, ईसीपी, ब्राउझरशिवाय चालणारा. पण त्यात पासवर्ड टर्मिनलवरच्या प्रोग्रॅमला द्यावा लागतो आणि फोनवर येणारा दुसरा घटक, म्हणजे ओटीपी वगैरे, त्यात नीट बसत नाही, आणि मुख्य म्हणजे बहुतेक संस्था ईसीपी चालूच करत नाहीत. आता सगळं टोकनकडे चाललंय.

एक गोष्ट मात्र इथे सांगायलाच हवी. तू कोण आहेस हे संस्था सांगते. तू आमच्या गटात आहेस का, तुला हा डेटा बघायची परवानगी आहे का, हे संस्था सांगू शकत नाही, ते सहयोगी गटालाच ठरवावं लागतं. या दोन गोष्टी लोक एकत्र करतात आणि मग गोंधळ होतो. दिंडीचालक एवढंच सांगेल की हा माझा माणूस, पण त्याला मंदिराच्या गाभाऱ्यात सोडायचं की नाही हे मंदिर ठरवणार.

ग्रंथपाल_नाशिक

मी वाचनालयाच्या बाजूने बोलते, कारण बऱ्याच संस्थांमध्ये हे फेडरेशनचं काम आमच्याच गळ्यात असतं, शिबोलेथचा, म्हणजे सॅमलच्या लॉगिनचा, सर्व्हर म्हणजे वाचनालयाची भानगड असं सगळे समजतात.

शुक्रताराला वाटतंय की जर्नलला चालतं म्हणजे क्लस्टरलाही तेच लॉगिन तसंच्या तसं चालेल. तसं नाहीये गं. जर्नलला आम्ही फक्त एवढंच पाठवतो की ही व्यक्ती या संस्थेची सदस्य आहे. नाव नाही, ईमेल नाही. आणि हे मुद्दाम आहे. कोण कुठला पेपर वाचतंय हे प्रकाशकाला कळू नये यासाठी आम्ही ग्रंथपालांनी आग्रह धरलेला आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. जिथे ओळखीचा आकडा पाठवावाच लागतो तिथेही प्रत्येक साइटला वेगळा पाठवता येतो, म्हणजे दोन प्रकाशकांनी आपापल्या याद्या जुळवल्या तरी तू सापडत नाहीस.

क्लस्टरला याच्या बरोब्बर उलटं हवं असतं. त्यांना तू म्हणजे तूच, कायमची, एकच, बदलणार नाही अशी ओळख हवी, नाव हवं, ईमेल हवा, कारण तुझ्या जॉबने मशीन लटकलं तर फोन कोणाला करणार. संशोधन सेवांसाठी म्हणून एक ठरलेली यादी आहे, नाव, ईमेल, कायमचा आकडा एवढंच त्यात येतं, आणि त्या सेवांना हे पाठवायचं असं संस्थेने एकदा मान्य केलं की पुरतं. पण मान्य कोण करणार? संगणक विभाग म्हणतो वाचनालयाने करावं, वाचनालय म्हणतं गोपनीयतेचा प्रश्न आहे कुलसचिवांना विचारा. एका परदेशी सेवेवर आमच्या एका प्राध्यापिका लॉगिन करायला गेल्या तर "तुमच्या संस्थेने आवश्यक माहिती पाठवली नाही" असं लाल अक्षरात आलं. त्या माझ्याकडे आल्या. सेटिंगचा बदल दहा मिनिटांचा होता, परवानगीला दोन महिने लागले.

अजून एक बारीक पण महत्त्वाचं. काही ठिकाणी ईमेलसारखी दिसणारी ओळख वापरतात, आडनाव आणि आद्याक्षर वगैरे. माणूस गेला की दोन वर्षांनी तीच ओळख त्याच आडनावाच्या नव्या विद्यार्थ्याला मिळते. जर्नलला फरक पडत नाही. क्लस्टरवर त्या नव्या मुलाला जुन्याच्या सगळ्या फाइल्स मिळतील. पाटील आणि जाधव यांच्या राज्यात हे रोज होऊ शकतं.

शुक्रतारा_पुणे

ताई, हा गोपनीयतेचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. धन्यवाद.

कणभौतिक

टोकनचा विषय निघालाय म्हणून लिहितो. मी मुंबईत, लार्ज हॅड्रॉन कोलायडरच्या डेटावर. टीआयएफआरमध्ये तिथल्या सीएमएस या प्रयोगाचं टियर-२ (दुसऱ्या पातळीचं) संगणन केंद्र आहे, कोलकात्याला व्हीईसीसीत अॅलिस या प्रयोगाचं. आमच्या जगात वीस वर्षं एक्स.५०९ सर्टिफिकेटचं राज्य होतं. भारतात ती द्यायचं काम सी-डॅकचं बंगळुरू केंद्र करायचं. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना आठवेल, ब्राउझरमध्ये सर्टिफिकेट आलं की ते पी१२ फाइल म्हणून बाहेर काढायचं, ओपनएसएसएलने तिचे दोन तुकडे करायचे, एक सर्टिफिकेट एक की, की फाइलची परवानगी ४०० करायची, नाहीतर प्रोग्रॅम हलत नाही. नवा विद्यार्थी आला की पहिला आठवडा यात जायचा. मग रोज सकाळी बारा तासांची प्रॉक्सी काढायची. पण एक मान्य करा, कल्पना त्या काळाच्या फार पुढे होती. मूळ की घरी, बाहेर फिरते ती बारा तासांची प्रत. आज सगळे जे नव्याने करतायत ते हेच आहे.

हे सगळं ज्या सॉफ्टवेअरवर चालायचं त्या ग्लोबस टूलकिटला मूळ निर्मात्यांचा आधार जानेवारी २०१८ मध्ये संपला आणि तिथून सगळ्यांची पळापळ सुरू झाली. आता सीईआरएनच्या (कोलायडर चालवणाऱ्या प्रयोगशाळेच्या) बाजूला जेडब्ल्यूटी टोकन, म्हणजे सही केलेल्या छोट्या परवानगी-चिठ्ठ्या, येतायत. फरक असा की सर्टिफिकेट सांगायचं "हा अमुक माणूस", टोकन सांगतं "हे ज्याच्याकडे आहे त्याला अमुक फोल्डर वाचता येईल, अमुक ठिकाणी लिहिता येईल, अमुक वाजेपर्यंत". चोरीला गेलं तरी नुकसान तेवढ्यापुरतंच.

पण इथे एक खरी अडचण आहे आणि वेबवाल्यांना ती कधी येत नाही. तुमचा जॉब चार दिवस चालणार, टोकन एका तासात संपणार. नुसतं गणित करायचं असेल तर काही बिघडत नाही, जॉब सुरू झाला की तो चालत राहतो. पण चौथ्या दिवशी पहाटे निकाल दुसऱ्या केंद्रावर लिहायचा असेल तर त्या वेळी तुम्ही झोपलेले असता, तुमच्या वतीने नवं टोकन कोण काढणार? मग मध्ये एक तिजोरी ठेवावी लागते, तिच्यात लांब मुदतीचं टोकन, आणि जॉब तिच्याकडून छोटी छोटी टोकनं घेत राहतो. म्हणजे आता त्या तिजोरीला जपा. माझा एक सहा दिवसांचा जॉब शेवटच्या कॉपीला मेला होता, निकाल तयार, दरवाजा बंद. त्यानंतर मी आधी छोटी फाइल लिहून बघणारी एक पायरी प्रत्येक जॉबच्या सुरुवातीला टाकतो आणि दर सहा तासांनी ती परत चालवतो. करून बघा.

साधाप्रश्न

खूप शिकायला मिळतंय. पण एक शंका मनापासून. सगळं एका लॉगिनवर आणलं तर तो एक पासवर्ड गेला की सगळंच गेलं ना? आणि संस्थेचा लॉगिन सर्व्हर बंद पडला, आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की यूपीएस अर्धा तास टिकतो, तर बंगळुरूचा क्लस्टर चालू असूनही मला जाता येणार नाही?

ऱ्हाइनकाठी

दोन्ही शंका रास्त आहेत. पहिलीचं उत्तर दुसरा घटक. सहा ठिकाणी ओटीपी लावणं कोणी करत नाही, एका ठिकाणी लावणं जमतं. ओपनएसएसएचच्या ८.२ आवृत्तीपासून, फेब्रुवारी २०२० ची ती, यूएसबीची हार्डवेअर कीसुद्धा चालते, तिच्यावर बोट टेकवल्याशिवाय लॉगिन होत नाही.

दुसरीचं उत्तर थोडं लांब. म्हणूनच प्रत्येक एसएसएच जोडणीला संस्थेला विचारायचं नाही, दिवसातून एकदा विचारायचं. बर्कलीच्या नर्स्क या सुपरकॉम्प्युटर केंद्रात तुम्ही पासवर्ड आणि ओटीपी देता, तुम्हाला चोवीस तासांची की मिळते, मग दिवसभर कितीही वेळा जा या. ब्रिस्टलच्या इझाम्बार्ड-एआय या सुपरकॉम्प्युटरवर ब्राउझरमधून आपापल्या विद्यापीठाच्या लॉगिनने आत जायचं आणि थोड्या तासांचं एसएसएच सर्टिफिकेट मिळतं. मला हीच वाट सगळ्यात व्यवहार्य वाटते, कारण लॅपटॉपवरचं एसएसएच नेहमीचंच लागतं. ओपनएसएसएचला स्वतःची साधी सर्टिफिकेटं २०१० पासून कळतात, लोकांनी वापरली नाहीत एवढंच. मूनशॉट जिथे अडला ते इथे अडत नाही.

आणि लॅपटॉपवर ब्राउझरही नसेल, समजा तुम्ही आधीच कुठल्यातरी रिमोट मशीनवर आहात, तर टर्मिनल तुम्हाला एक पत्ता आणि आठेक अक्षरांचा कोड देतं. तुम्ही फोनवर तो पत्ता उघडायचा, कोड टाकायचा, आपल्या संस्थेचं लॉगिन करायचं, आणि इकडे टर्मिनल आपोआप पुढे सरकतं. टीव्हीवर ओटीटी चालू करताना करतो तेच, आरएफसी ८६२८, ऑगस्ट २०१९. फक्त एक सावधगिरी, कोणी मेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर कोड पाठवून "हा टाक ना" म्हणालं तर मुळीच टाकायचा नाही, कारण मग तुमच्या ओळखीने तो आत जाईल. कोड आपल्या स्वतःच्या टर्मिनलवर दिसला असेल तरच.

हिंगोलीकर

+१. कोडबद्दलचं शेवटचं वाक्य प्रत्येक लॅबच्या भिंतीवर लावा.

नेटवर्ककाका

अवांतर, पण शुक्रतारा, तुमच्या लॅबमध्ये एखादं मोकळं मशीन असेल तर स्वतः करून बघ. कोणाची परवानगी लागत नाही, आणि करून दाखवलेल्या गोष्टीला नाही म्हणणं कमिटीला जड जातं. अडलं तर इथे लिही, मी आहे.

शुक्रतारा_पुणे

धागा वर काढतेय, तीन आठवडे झाले. काका, केलं!

लॅबमधल्या जुन्या वर्कस्टेशनवर दोन व्हर्च्युअल मशीन बनवली, एक लॉगिन नोड, एक सर्टिफिकेट देणारं, त्यावर त्यासाठीचं स्टेप-सीए हे सॉफ्टवेअर टाकलं. संस्थेच्या खऱ्या लॉगिनला जोडायची परवानगी अजून नाही म्हणून तात्पुरतं एक कीक्लोक (लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) उभं केलं, तिथे आम्ही चौघांची नावं. लॉगिन नोडवर काय बदलावं लागलं सांगू? एसएसएचडीच्या (एसएसएचच्या सर्व्हर बाजूच्या) कॉन्फिगमध्ये एक ओळ, की या सहीवर विश्वास ठेव. बस. पब्लिक की ठेवायची ऑथोराइज्ड-कीज फाइल रिकामी.

पहिल्या दिवशी काही केल्या आत जाता येईना. ब्राउझर उघडतोय, लॉगिन होतंय, सर्टिफिकेट मिळतंय, आणि एसएसएच म्हणतंय परवानगी नाही. संध्याकाळी साडेसातपर्यंत बसले. शेवटी सर्व्हरचा लॉग नीट वाचला तर लिहिलेलं, सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही. लॉगिन नोडचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं! त्याच्या दृष्टीने माझं सर्टिफिकेट भविष्यात जन्मणार होतं. घड्याळ जुळवणारं क्रोनी चालू केलं, घड्याळ जुळलं, आणि एका झटक्यात आत. मी खुर्चीवरून उठून ओरडले, वॉचमनकाका बघायला आले.

आम्ही आठ तासांची मुदत ठेवलीये. सकाळी एकदा लॉगिन, दिवसभर चालतं. आणि काका, तुमची गोष्ट लक्षात होती म्हणून एक प्रयोग केला. आमच्यातल्या एकाचं खातं कीक्लोकमध्ये बंद केलं, तो गेला असं समजून. त्याचं जुनं सर्टिफिकेट संध्याकाळपर्यंत चाललं, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला नवं मिळालंच नाही. लॉगिन नोडवर आम्ही कोणीही काहीही केलं नव्हतं. लॉगमध्ये प्रत्येक लॉगिनसमोर सर्टिफिकेटवरचं नावही येतं, त्यामुळे दुसऱ्याच्या खात्यात कोण गेलं तेही दिसतं.

अडलेलं एक आहे. युनिक्सचा यूआयडी, म्हणजे मशीन प्रत्येक खात्याला देतं तो आकडा. क्लस्टरवर माझा आकडा एक, या मशीनवर दुसरा, आणि सामायिक डिस्क जोडली तर फाइल्स भलत्याच कोणाच्या तरी नावावर दिसतात. ही ओळख-ते-यूआयडी जुळवणी कुठे ठेवायची?

नेटवर्ककाका

शाब्बास गं पोरी.

यूआयडी संस्थेकडून मागू नकोस, त्यांना त्याचं देणंघेणं नाही. क्लस्टरच्या एलडॅपमध्ये, म्हणजे खात्यांच्या नोंदवहीत, ठेव. माणूस पहिल्यांदा वेबवर येऊन नोंदणी करेल तेव्हा त्याला एक यूआयडी द्यायचा, आणि त्याच्या शेजारी ग्रंथपालताई म्हणाल्या ती कायमची ओळख लिहायची, ईमेल नव्हे. माणूस गेला तरी तो आकडा परत कोणाला द्यायचा नाही. आणि आठ तासांच्या आतच कोणाला बाहेर काढायचं असेल तर सर्टिफिकेट संपायची वाट बघू नकोस, ओपनएसएसएचला बाद कींची यादी देता येते, तिच्यात त्याचा अनुक्रमांक टाक, पुढचं लॉगिन नाकारलं जाईल. जे सेशन आधीच उघडं आहे ते मात्र हाताने मारावं लागेल.

ग्रंथपाल_नाशिक

शुक्रतारा, संस्थेच्या खऱ्या लॉगिनला जोडायचा अर्ज लिहिशील तेव्हा त्यात तीनच गोष्टी माग, नाव, ईमेल, कायमचा आकडा. जन्मतारीख, फोन, विभाग वगैरे काहीही मागू नकोस, जेवढं कमी मागशील तेवढ्या लवकर सही होईल. आमच्याकडे जो मसुदा शेवटी मंजूर झाला तो दीड पानाचा आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, पाठवते.

शुक्रतारा_पुणे

ताई, व्यनि केलाय. कमिटीची बैठक पुढच्या गुरुवारी आहे, गाइड म्हणाले लॅपटॉप घेऊन ये, तिथेच लॉगिन करून दाखव. घड्याळ आधी तपासून जाणार आहे.